चंदन लावलेलं पॅनेल

माणसाची सगळी संस्कृती त्याच्या बोटाच्या टोकाशी एकवटलेली आहे. दगडावर पहिली रेघ ओढणारं बोट आणि काचेवर पान उलटणारं बोट, या दोन बोटांमधल्या अंतरालाच आपण इतिहास म्हणतो.

ही दोन वाक्यं मी लिहिलेली आहेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथल्या कॉन्फरन्स रूममध्ये भिंतभर मोठं टच-स्क्रीन पॅनेल बसवलं, तेव्हा प्लान्ट हेडने उद्घाटनाच्या भाषणात ती इंग्रजीतून वाचली. वाचून झाल्यावर क्षणभर थांबून, मान किंचित उंचावून, त्यांनी काचेला बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. मग इलेक्ट्रिशियनने वाकून प्लग खोचला आणि इतिहास पुढे सरकला.

माझं खरं काम मोजमापाचं. गाड्यांच्या दारांना लागणारे पत्र्याचे तुकडे प्रेसमधून कापून, वाकून बाहेर येतात. त्यांतले काही उचलायचे आणि ते नकाशाप्रमाणे आहेत का ते पाहायचं. पण वीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीबरोबर नाशिकहून चेन्नईला आले, या कारखान्यात लागले, आणि एकदा कोणाचं तरी इंग्रजी पत्र दुरुस्त करून दिलं. ती चूक अजून फिटलेली नाही. ज्याला ज्याला वर जाऊन काही मागायचं असतं तो आधी माझ्या टेबलाशी येतो, आणि मी त्याच्या साध्या मागणीच्या दहा-अकरा स्लाइड्स करून देते.

पॅनेल आल्यावर परिपत्रक निघालं. यापुढे कोणताही प्रस्ताव कागदावर घेतला जाणार नाही. रिमोट वापरायचा नाही, खुर्चीत बसून बोलायचं नाही. प्रत्येकाने पॅनेलशेजारी उभं राहून स्वतःच्या बोटाने स्लाइड सरकवत बोलायचं. हे शिकवायला एक प्रशिक्षक आणला गेला. एग्मोरच्या एका हॉटेलात आम्ही चौदा जण दोन दिवस हवेत हात फिरवत होतो. पॅनेलकडे कोणता खांदा ठेवायचा, बोट लावण्याआधी समोरच्यांकडे किती वेळ पाहायचं, बोट उचलल्यावर हाताचं काय करायचं. लाल रंग वापरायचा नाही. ‘अडचण’ हा शब्द वापरायचा नाही, त्याजागी ‘संधी’ म्हणायचं. मी घरी येऊन मुलाला दिवाणखान्याच्या भिंतीवर हात फिरवून दाखवला, तर तो म्हणाला, “आई, भिंत पुसतेयस का?” मला वाटतं, प्रशिक्षणावरचा तेवढा एकच अभिप्राय प्रामाणिक होता.

आता काकांबद्दल. ते प्रेस शॉपचे सुपरवायझर होते. कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचे, अठ्ठावन्नला टेकलेले. इतरांसमोर मी त्यांना इथल्या उच्चारात सार, म्हणजे सर, म्हणत असे आणि एरवी काका, कारण त्यांचं घराणं तंजावरचं मराठी होतं. त्यांची मराठी आमच्यासारखी नव्हती. तिला तमिळ हेल होता, आणि तिच्यातले कितीतरी शब्द आमच्याकडे पोथ्यांमध्येच उरलेत. ओळख झाली ती कंपनीच्या बसमध्ये. अण्णा नगरहून सकाळी सुटणाऱ्या बसमध्ये मी फोनवर बहिणीशी भांडत होते, भाषा कोणाला कळणार नाही या भरवशावर. फोन ठेवला तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, “हळू भांडा मा. मज सगळें कळतें.”

त्यांना वर जाऊन मागायची होती ती गोष्ट चार नंबरच्या प्रेससाठी होती.

प्रेस म्हणजे पत्र्यावर जोरात खाली येणारं लोखंड. ते खाली येताना कामगाराचे हात आत असू नयेत म्हणून त्याला दोन बटणं असतात, दोन्ही बाजूंना, आणि दोन्ही एकाच वेळी दाबली तरच प्रेस चालतो. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे दोन्ही हात बाहेर. सोपं आहे. पण एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की ते दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा होतो, आणि त्या मोकळ्या हाताने पुढचा पत्रा लवकर सरकवता येतो. तासाचा आकडा वाढतो. आकडा वाढला की वर कोणी विचारत नाही तो कसा वाढला. काका रोज सकाळी फेरी मारून पाचरी उपटत, आणि दुपारपर्यंत त्या पुन्हा ठोकलेल्या असत. आदल्या पाळीचा आकडा फळ्यावर लिहिलेला असायचा आणि तो गाठायचा असायचा.

पॅनेल यायच्या दोन वर्षं आधी एका सकाळी काकांची फेरी झाली नाही. त्यांना वरच्या मजल्यावर बैठकीला बोलावलं होतं. बैठक कशाची होती हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. शॉपमधलं कोणीतरी असावं म्हणून त्यांना बसवलं होतं, एवढंच त्यांना आठवत होतं. खाली चार नंबरवर कंत्राटाची एक बाई होती, दोन मुलांची आई, कांचीपुरमकडच्या गावातून पाळीच्या बसने येणारी. तिच्या डाव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून गेली.

तिला नंतर पॅकिंगला हलवलं. तिथे ती खोक्यांवर चिकटपट्टी लावते, आणि पट्टीचं टोक शोधायला तिला इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. काकांनी ती पाचर त्या दिवशी बटणातून उपटली आणि खिशात ठेवली. बोटाच्या लांबीची, चिंचेच्या लाकडाची, वापरून गुळगुळीत झालेली. पुढची दोन वर्षं ती त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी असायची.

त्यांची मागणी एका यंत्राची होती. प्रेसच्या तोंडाशी दोन उभे खांब बसवतात. एका खांबातून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात आणि दुसऱ्यात पोचतात. मध्ये हात आला, बोट आलं, काहीही आलं, की किरण तुटतात आणि प्रेस जागच्या जागी थांबतो. लाइट कर्टन म्हणतात त्याला. पाचर ठोका, नाहीतर देव पाण्यात ठेवा, किरणांना फरक पडत नाही. यात नवीन काही नाही, चांगल्या कारखान्यांत हे असतंच. काकांनी पहिल्या वर्षी ते हाताने लिहून मागितलं. उत्तर आलं, टाइप करून द्या. दुसऱ्या वर्षी टाइप करून मागितलं. उत्तर आलं, ठराविक नमुन्यात द्या. नव्या यंत्रांच्या मागण्या आमच्याकडे वर्षातून एकदाच ऐकतात, आयुधपूजेनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी. ही तिसरी खेप होती, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस काका निवृत्त होणार होते. ते गेल्यावर ही मागणी करणारं कोणी नव्हतं. मी तरी करणार नव्हते. ते माझ्या विभागाचं काम नव्हतं. हे वाक्य मी तेव्हा स्वतःशी बरेचदा म्हणत असे.

माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी काय सांगायचंय ते सांगितलं. तीन वाक्यं होती. बटणात पाचर होती. बाईचं बोट गेलं. हे यंत्र असतं तर गेलं नसतं. पुढच्या आयुष्यात कितीही सादरीकरणं ऐकली तरी याहून चांगलं ऐकायला मिळणार नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी त्याच्या अकरा स्लाइड्स केल्या.

पहिलीचं शीर्षक होतं, ‘चार नंबर प्रेस: सुरक्षिततेची संधी’. ते मी लिहिलं. दुसऱ्या स्लाइडवर मी पाचरीचा फोटो घातला होता, माझ्या टेबलावर मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला. स्लाइड्स तपासायला मनुष्यबळ विभागाच्या बाईंकडे जातात. त्यांनी तो काढून टाकला, नकारात्मक आहे म्हणून. त्याजागी हसणारे कामगार आले. ते कुठल्यातरी थंड देशातले होते, आणि त्यातल्या एकाने हेल्मेट मागचं पुढे घातलं होतं. ‘बोट गेलं’ याचं मी आधी ‘दुखापत’ केलं, मग ‘घटना’ केलं, आणि शेवटच्या दुरुस्तीत ते ‘शिकण्याचा क्षण’ झालं. हे कोणी माझ्याकडून धमकावून करून घेतलं नाही. मला ते जमतं, म्हणून मी केलं. आज राग येतो तो सगळ्यांचा येतो, पण त्यातला मोठा वाटा कोणाचा आहे हे मला माहीत आहे.

मग सराव. जेवणाच्या सुट्टीत कॉन्फरन्स रूम रिकामी असे तेव्हा मी काकांना पॅनेलपाशी उभं करत असे. पहिल्या दिवशी त्यांनी काचेसमोर उभं राहून दोन्ही हात उचलले आणि दोन्ही तर्जन्या एकदम टेकवल्या. स्लाइड सरकण्याऐवजी फुगली. हसणाऱ्या कामगारांपैकी एकाचे दात भिंतभर झाले.

मी म्हटलं, “काका, एकच बोट. दुसरा हात खाली राहू द्या.”

“एक हात मोकळा ठेवायचा?”

“हो.”

“तीस वर्षें मी सगळ्यांस उलटें सांगतों,” ते म्हणाले. “एक हात मोकळा राहिला कीं तो आंत जातो.”

त्यांचे हात ऐकत नव्हते. यंत्रासमोर उभं राहिलं की दोन्ही हात एकदम उठत. चार दिवसांनी मी त्यांना डावा हात पँटच्या खिशात घालायला सांगितला. प्रशिक्षकाच्या नियमात ते बसत नव्हतं, पण स्लाइड सरकायला लागली. बोट काचेला नीट टेकायच्या आधीच ती सरकते याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी पॅनेलच्या चौकटीवरून हात फिरवला, चष्मा वर करून आतल्या कडेची काळी पट्टी जवळून पाहिली, आणि मान हलवली. मला वाटलं, दमले.

आयुधपूजा आली. महाराष्ट्रात आम्ही दसऱ्याला वाहनांना हार घालतो आणि एखाद्या पान्याला हळद-कुंकू वाहतो. इथे त्याच्या आदल्या दिवशी कारखान्याचा कारखाना पुजतात. यंत्रं धुतात, पुसतात, प्रत्येकाला विभूतीचे पट्टे, चंदनाचा गोळा, त्यावर कुंकू. केळीचे खुंट, चुरमुरे, कोहळा. शॉपमधल्या सगळ्यात जुन्या माणसाने चंदन लावायचं ही आमच्याकडची रीत, म्हणजे गेली कितीतरी वर्षं काका लावत. मला ही पूजा आवडते, हे सांगून ठेवते. वर्षभर ज्याच्यावर ओरडलो त्या लोखंडाला एक दिवस हात जोडण्यात मला काही हास्यास्पद दिसत नाही.

त्या वर्षी मात्र प्लान्ट हेडने ठरवलं की पूजा पॅनेलपासून सुरू होईल. फोटोग्राफर बोलावला होता. काका धुतलेलं धोतर नेसून, चंदनाची वाटी घेऊन वर आले. फोटोग्राफर म्हणाला, जरा ठळक लावा, फोटोत दिसलं पाहिजे. काकांनी ठळक लावलं. चारही कोपऱ्यांत आणि वरच्या कडेच्या मधोमध, लिंबाएवढं, त्यावर कुंकू. वरून मोगऱ्याचा हार सोडला. मग खाली जाऊन त्यांनी सगळे प्रेस पुजले, आणि चार नंबरपाशी थोडे जास्त वेळ उभे राहिले. तिथे फोटोग्राफर आला नाही.

सुट्ट्या झाल्या, बैठकीचा दिवस उजाडला. दहा-बारा लोक टेबलाभोवती होते. काकांचा नंबर तिसरा. खिशात पाचर, दुसऱ्या खिशात डावा हात, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी नमस्कार केला, ठरल्याप्रमाणे मोजून समोर पाहिलं आणि उजवं बोट काचेवर ठेवलं.

पहिल्या दोघांच्या वेळी पॅनेल थोडं अडखळलं होतं, पण ते दोघे घाईने दामटून गेले होते. आता ए.सी. जोरात सुरू केलेला होता आणि मोगऱ्याच्या हाराचं टोक काचेपुढे हलत होतं. ते डावीकडे गेलं की स्लाइड पुढे, उजवीकडे आलं की मागे. काका पहिल्या स्लाइडवर बोलत असताना मागे सातवी आली, मग पाचवी, मग हसणारे कामगार. कोणीतरी हसलं. मनुष्यबळाच्या बाई उठून म्हणाल्या, हार काढा. काढला. काकांनी पुन्हा बोट लावलं. स्लाइड सरकली नाही, फुगली. ‘संधी’ हा शब्द वाढत वाढत गेला आणि भिंतीवर फक्त त्यातली एक उभी रेघ उरली.

“एक बोट, सार, एक बोट,” बाई म्हणाल्या.

एकच बोट होतं. मी पाहत होते. डावा हात खिशातच होता. त्यांनी पुन्हा बोट लावलं, ती रेघ बारीक होत होत टिंब झाली. हशा मोठा झाला. त्यात वाईटपणा नव्हता असं नंतर मला बरेच जण म्हणाले. प्लान्ट हेड खुर्चीत मागे रेलून म्हणाले की वयानुसार काही गोष्टी अवघड जातात, यात कमीपणा नाही. मग पॅनेल विकणाऱ्या कंपनीला फोन लावला गेला. पुढची वीसेक मिनिटं खोलीतले सगळे अभियंते, ज्यांना जिना उतरून खाली काय चालतं ते पाहायला वर्षभर वेळ मिळाला नव्हता, गुडघ्यांवर बसून पॅनेलच्या मागच्या वायरी पाहत होते. बंद करून चालू केलं. पुन्हा बंद केलं.

काका बाजूला उभे होते. मग ते पुढे झाले, चष्मा वर केला, चौकटीच्या आतल्या कडेला डोळा लावला आणि तमिळमध्ये शांतपणे म्हणाले, “चंदन आहे.”

हार ओढून काढताना चंदनाचा सुकलेला एक गोळा कडेवरून आत सरकला होता. या पॅनेलची काच बोट ओळखत नाही. चौकटीतून काचेच्या पृष्ठभागावर न दिसणारे किरण सोडलेले असतात. ते जिथे तुटतात तिथे बोट आहे असं पॅनेल समजतं. चंदनाने ते तोडले होते, म्हणजे पॅनेलच्या हिशेबी एक बोट आधीपासून लागलेलंच होतं. काकांचं बोट दुसरं.

ते पुसायला कोणी तयार होईना. पूजेचं कुंकू आहे, आम्ही कसं पुसायचं, असं मनुष्यबळाच्या बाई म्हणाल्या. सफाईच्या अम्माला बोलावलं, तिने दारातूनच मान हलवली. शेवटी काकांनी खिशातून रुमाल काढला. स्वतः लावलेलं चंदन स्वतः पुसलं, आधी हात जोडून, मग पाचही ठिकाणचं. मग बोट लावलं. स्लाइड सरकली.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काका स्लाइडकडे वळले नाहीत. त्यांनी चौकटीवर हात ठेवला आणि प्लान्ट हेडला म्हणाले, “सार, मी मागतोय ते हेच आहे. इथे बोट मध्ये आलं की पान उलटतं. खाली बोट मध्ये आलं की प्रेस थांबेल. इथे लावलंय, ते तिथे लावा.”

मला वाटलं, झालं. यानंतर बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही. ज्या कारखान्याने बोट ओळखणारे किरण घेतले आणि ते लोखंडाच्या तोंडाशी न लावता स्लाइड्सभोवती लावले, त्या कारखान्याला यापुढे खाली मान घालण्यावाचून काय करता येईल?

प्लान्ट हेड म्हणाले, “वा. ही तुलना फार चांगली आहे. ही स्लाइडमध्ये असायला हवी होती. पुढच्या वेळी घ्या.”

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. पॅनेलमध्ये बराच वेळ गेला होता. मागणी पुढच्या वर्षाच्या बैठकीसाठी राखून ठेवली गेली, आणि इतिवृत्तात एकच निर्णय नोंदवला गेला, की यापुढे पॅनेलची पूजा करताना चंदन लावू नये. मी टेबलाच्या टोकाशी बसून होते. काही बोलले नाही. इतिवृत्त मलाच लिहायचं होतं.

महिनाअखेरीस काकांना शाल आणि श्रीफळ दिलं. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीवर सहा स्लाइड्स होत्या, त्या मी केल्या होत्या. हॉलबाहेर पडताना त्यांनी खिशातली पाचर काढून माझ्या हातावर ठेवली. म्हटलं, हिचं मी काय करू?

“कांहीं करूं नका मा,” ते म्हणाले. “टेबलावर राहूं द्या. मज घरीं ठेववत नाहीं.”

ती माझ्या टेबलावर राहिली. क्वालिटीच्या टेबलावर मोजायच्या वस्तू पडलेल्या असतातच, कोणी विचारलं नाही.

दोन-अडीच महिन्यांनी गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा तपासनीस आला. तीच आमचं मोठं गिऱ्हाईक. अशा पाहुण्यांना आधी कॉन्फरन्स रूममध्ये नेऊन पॅनेलवर चाळीस मिनिटं दाखवायची, मग आखलेल्या मार्गाने शॉप फिरवायचं, असा शिरस्ता. हा माणूस किडकिडीत, अबोल, हातात वही आणि पेन्सिल. पॅनेलसमोर तो पाच मिनिटं बसला आणि म्हणाला, हे मला ई-मेलने पाठवा, मला यंत्रं पाहायचीत. मार्ग दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मार्ग चार नंबरवरून जात नव्हता. मी थोड्या लांबच्या वाटेने नेलं, एवढंच. यात धैर्य वगैरे नव्हतं. बैठकीत गप्प बसल्याचं ओझं होतं, ते कुठेतरी उतरवायचं होतं.

चार नंबरपाशी मी टेबलावरून सोबत घेतलेली पाचर खिशातून काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली, वाकला, आणि डाव्या बटणाच्या फटीत घालून पाहिली. बरोबर बसली. फटीची कड तिच्याच मापाने घासून चकचकीत झालेली होती. प्रेसवरच्या नव्या बाईने मान फिरवली. त्याने पाचर काढून मला परत दिली, वही उघडली आणि पेन्सिलीने एक ओळ लिहिली. मी वाचली नाही. लांबीवरून सात-आठ शब्द असावेत.

सहा आठवड्यांत लाइट कर्टन बसला. चार नंबरवर आणि बाकीच्या सगळ्या प्रेसवरही, कारण माल घेणार की नाही हे त्या ओळीवर ठरणार होतं. कोणी अकरा स्लाइड्स मागितल्या नाहीत. उद्घाटन झालं. प्लान्ट हेडने दूरदृष्टीवर भाषण केलं, ते मी लिहिलं होतं. पाचर दाखवण्याबद्दल मला कोणी काही विचारलं नाही. तपासनिसाला ती जमिनीवर सापडली असा सगळ्यांचा समज आहे, आणि मी तो दूर केलेला नाही.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “शरी.” म्हणजे ठीक. मग विचारलं, त्या बाईला सांगितलं का? मी पॅकिंगमध्ये जाऊन सांगून आले होते. तिने चिकटपट्टीचं टोक शोधता शोधता ऐकलं आणि विचारलं की आता आकडा कमी करणार का. आकडा कमी केलेला नव्हता. तो आजही फळ्यावर तोच आहे.

यंदा पुन्हा आयुधपूजा झाली. पॅनेलला चंदन लावलं नाही, निर्णयच तसा होता. प्रेस शॉपच्या नव्या सुपरवायझरने मात्र चार नंबरची पूजा मनापासून केली. लाइट कर्टनच्या दोन्ही खांबांना वरपासून खालपर्यंत चंदन आणि कुंकू. सुट्टीनंतर सकाळची पाळी आली, दोन्ही बटणं दाबली, आणि प्रेस जागचा हलला नाही. मी पुन्हा काकांना फोन करून खांबांवरच्या चंदनाचं सांगितलं.

“हलत नाहीं न्हवे?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग बरा चालतो आहे.”

देखभाल विभागाच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे. यंत्र: प्रेस क्रमांक चार. बंद: तीन तास दहा मिनिटं. कारण: चंदन. उपाय: पुसलं.